बिल्ल्याखालची जागा

जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयातल्या तीन नंबरच्या खिडकीमागे बसणारी बाई तलवारबाजीत देशाकडून खेळते, हे कार्यालयात सगळ्यांना माहीत होतं आणि खरं कुणालाच वाटत नव्हतं. तलवार म्हटलं की माणसांच्या डोळ्यांपुढे घोडा येतो, मिशा येतात, गेला बाजार एखादी ढाल तरी येते. हिच्याकडे यातलं काही नव्हतं. उंच, सडपातळ, चष्मा लावणारी, डबा खातानासुद्धा पाठ ताठ ठेवणारी बाई, आणि कपाटामागे उभी करून ठेवलेली एक लांबट पिशवी. पिशवीत टोकाला बटण असलेल्या दोन लवचिक, बारीक तलवारी. या प्रकाराला फॉइल म्हणतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्या तलवारीचं नाव काडी ठेवलं आणि पुढे काडीवालीलाही काडीच म्हणू लागले. तिने ते कधी मनाला लावून घेतलं नाही. संघाच्या लेखी आपली किंमत काय आहे हे तिला टोपणनावाच्या आधीच समजलं होतं.

कामापुरते नियम सांगायचे तर असे. फॉइलमध्ये फक्त टोक चालतं आणि ते फक्त धडावर लागावं लागतं. म्हणून खेळाडू धडावर धातूच्या तारा विणलेलं चंदेरी जाकीट घालतात. टोक जाकिटावर दाबलं गेलं की यंत्रावर रंगीत दिवा लागतो. हात, पाय, मुखवटा असं कुठे भलतीकडे लागलं तर पांढरा दिवा लागतो, खेळ थांबतो आणि गुण कुणालाच मिळत नाही. आधी गटात पाच-पाच गुणांच्या लढती होतात, मग पंधरा गुणांची बाद फेरी. तिथे हरलात की गाशा गुंडाळायचा.

काडीने बारा वर्षांत एकोणीस आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळल्या होत्या. गटात ती दोन-तीन लढती जिंकायची. बाद फेरीत मात्र एकोणीस वेळा गेली आणि एकोणीस वेळा पहिल्याच लढतीत बाहेर पडली. त्यातल्या सहा वेळा तर एका गुणाने. संघाच्या कार्यालयात दाराशेजारी एक लाकडी फळा होता. बाद फेरीत निदान एक लढत जिंकणाऱ्याचं नाव त्यावर पिवळ्या रंगात लिहीत. ‘महिला फॉइल’ या मथळ्याखाली सव्वीस वर्षं नुसतं लाकूड होतं. चौतिशी गाठलेल्या काडीला पदक नको होतं. ते कुणी देऊ केलं असतं तर तिलाच संकोच वाटला असता. तिला एक लढत जिंकायची होती. एकच.

तिची आई शिवणकाम करायची. मुलगी परदेशातून आली की आई दार उघडून सुईत दोरा ओवत ओवतच विचारायची, “एक तरी?”

काडी मान हलवायची.

“असू दे. हातपाय धू आधी.”

बारा वर्षांत या संवादात एका शब्दाचाही फरक पडला नव्हता. आता पडायला हवा होता, कारण संघाने नवं युवा धोरण आणलं होतं. पस्तिशी गाठलेल्या खेळाडूंना यापुढे पाठवायचं नाही, असं त्यात म्हटलं होतं. धोरण ज्या समितीने आखलं तिच्यातला सगळ्यात तरुण सभासद एकसष्ट वर्षांचा होता. म्हणजे विसावी स्पर्धा ही काडीची शेवटची.

सराव एका शाळेच्या जुन्या व्यायामशाळेत चाले. तिथे मास्तर होते. वयाच्या चौदाव्या वर्षापासून काडीला शिकवणारे, गुडघ्याला पट्टा बांधून उभे राहणारे आणि बोलण्यापेक्षा खोकणारे. दिवे लावणारं यंत्र होतं, पण ते अकरा वर्षांपूर्वी दुरुस्तीला म्हणून संघाच्या कार्यालयात गेलं आणि तिथे त्याच्यावर फुलदाणी ठेवण्यात आली. तेव्हापासून त्या व्यायामशाळेत एक रीत पडली होती. जिला टोक लागलं, तिने स्वतःच डावा हात वर करायचा आणि म्हणायचं, “लागलं.” मारणारीने काही बोलायचं नाही. लबाडी करणाऱ्याला मास्तर रागवत नसत. ते फक्त त्याच्याकडे बघत, खोकत आणि दुसऱ्या खेळाडूला शिकवायला लागत. त्यापेक्षा दोन फटके परवडले असते. यंत्रावर वाढलेल्या पोरींना दिवा बघायची सवय असते. काडीला हात वर करायची सवय होती, आणि परदेशी स्पर्धांत त्या सवयीचा काडीइतकाही उपयोग नव्हता.

खिडकीतलं काम अगदी याच्या उलट होतं. तिथे कुणी काहीही सांगितलं तरी नोंदवहीत असेल तेवढंच खरं. नऊ वर्षं एक निवृत्त टपालवाले काका दर दोन-तीन महिन्यांनी खिडकीशी यायचे. त्यांना जन्माचा दाखला हवा होता. त्याशिवाय त्यांचं वृद्धांचं ओळखपत्र अडून राहिलं होतं. काकांचा जन्म घरी झाला होता आणि तेव्हा कुणी तो नोंदवलाच नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं बिनचूक पोचवणारा माणूस स्वतः मात्र कुठे पोचल्याची नोंद नव्हती.

“काका, नोंद नाही, म्हणजे आमच्या लेखी जन्म झालेलाच नाही,” काडी म्हणायची.

“मग मी काय हवेत उभा आहे?” काका विचारायचे.

हे बोलणंही पाठ झालं होतं. विलंबाने नोंद करायचा एक सात पानी अर्ज असतो हे काडीला माहीत होतं. त्याला पुरावे गोळा करावे लागतात, साक्षी लागतात, वरिष्ठांच्या मागे लागावं लागतं. कार्यालयाचा अलिखित नियम असा होता की ज्याने विचारलं नाही त्याला त्या अर्जाबद्दल सांगायचं नाही. काडीने तो मोडला नव्हता. ती वाईट होती अशातला भाग नाही. तिला पाच वाजता सरावाला पळायचं असे.

विसाव्या स्पर्धेसाठी पथक ठरलं. खेळाडू एक. पथकप्रमुख म्हणून संघाचे सरचिटणीस, निरीक्षक म्हणून उपाध्यक्ष, व्यवस्थापक म्हणून खजिनदार आणि वैद्यकीय सहायक म्हणून सरचिटणिसांचे मेव्हणे. मेव्हण्यांचं फर्निचरचं दुकान होतं. माणसाच्या पाठीला कोणती खुर्ची चांगली हे त्यांना कळत असल्याने वैद्यकीय अनुभव होताच, असं सरचिटणीस म्हणाले. मास्तरांसाठी जागा उरली नाही. मास्तरांनी ते ऐकून घेतलं, खोकले, आणि काडीला म्हणाले, “मागे दोनच पावलं जायचं. तिसरं पाऊल मागे टाकायची तुला वाईट खोड आहे. तिसऱ्याला थांब.”

जाण्याआधी निरोप समारंभ ठेवला होता. खेळाडू हरून येईपर्यंत संघाला आनंद करायला हाच काय तो मोका असे. फुलं, भाषणं, छायाचित्रकार, सगळं जय्यत. सरचिटणिसांना ऐन वेळी सुचलं की चंदेरी जाकिटावर संघाचा बिल्ला हवा. छायाचित्रात देशाची शान दिसली पाहिजे. कापडी, गोल, पंज्याएवढा बिल्ला त्यांनी खास करून आणला होता, मागे गोंद लावलेला, वरून कडक इस्त्री दाबली की चिकटणारा. काडीची आई तिथेच होती. मुलीच्या पांढऱ्या सदऱ्याचं बटण तुटलं होतं, ते लावायला आली होती.

“अहो साहेब, तारेचं कापड आहे ते,” आई म्हणाली. “जरीवरसुद्धा कुणी गरम इस्त्री ठेवत नाही. आतून करपेल.”

“ताई, ही जर नाही, हे आंतरराष्ट्रीय कापड आहे,” सरचिटणीस मायेने म्हणाले आणि त्यांनी इस्त्री शेवटच्या आकड्यावर नेली.

बिल्ला डाव्या छातीवर झकास बसला. छायाचित्रं झाली. मग खजिनदारांनी स्पर्धेच्या नियमांचं पुस्तक उघडून पाहिलं, तर जाकिटावर असलं काही चिकटवायला मनाई. बिल्ला ओढून काढला. खाली जाकीट तसंच चंदेरी दिसत होतं, जरा पिवळट झाक होती इतकंच. आईने त्या जागेवरून बोट फिरवलं, जीभ टाळूला लावून च्च केलं आणि सुई पेटीत ठेवली. तिला आणखी बोलायचं होतं. पण तिथे आठ माणसं हार घालून उभी होती आणि हार घातलेल्या माणसाला काही सांगणं कठीण असतं.

काडीकडे दुसरं जुनं जाकीट होतं. ते विमानतळावर सामानातून निघालं. वजन जास्त भरत होतं, आणि परदेशी पाहुण्यांना द्यायची पितळी स्मृतिचिन्हं मागे ठेवणं शक्य नव्हतं. तशी बावन्न स्मृतिचिन्हं होती. “एका अंगात दोन जाकिटं कशी घालणार तू?” उपाध्यक्षांनी विचारलं, आणि सगळे हसले. काडीही हसली. बारा वर्षांत तिने एवढं हसून घेतलं होतं की आता ते आपोआपच येई.

स्पर्धेच्या आधी साहित्याची तपासणी असते. टेबलामागे बसलेल्या कंटाळलेल्या माणसाने जाकिटाच्या पाठीवरून, उजव्या बाजूवरून तपासणीचा चिमटा फिरवला, जांभई दिली आणि शिक्का मारला. त्याच्यापुढे तीनशे जाकिटं पडली होती. त्याला तरी काय बोल लावणार!

गटात काडीने तीन लढती जिंकल्या. बाद फेरीत पहिलीच गाठ पडली एका एकोणीस वर्षांच्या मुलीशी. मुखवट्याखालून बाहेर आलेली लांब वेणी, लांब हात, आणि प्रत्येक गुणानंतर स्वतःशीच पुटपुटायची सवय. तिच्या कोपऱ्यात तिचे प्रशिक्षक होते, मालिश करणारी बाई होती, तलवारी दुरुस्त करणारा माणूस होता. काडीच्या कोपऱ्यात मेव्हणे होते. बाकीचे तिघे स्मृतिचिन्हं वाटून शहर बघायला गेले होते. मेव्हणे पाण्याची बाटली घेऊन बसले होते आणि खुर्चीचा पाय डुगडुगतो म्हणून यजमानांवर नाराज होते.

लढत अटीतटीची झाली. तीन-तीन, सात-सहा, नऊ-आठ. वेणीवाली वाऱ्यासारखी पुढे यायची आणि काडी तिला हुलकावण्या द्यायची. वयाने माणसाचे पाय जड होतात, पण समोरच्याच्या मनात काय आहे ते खांद्यावरून वाचता येतं. नऊ-आठला वेणीवालीचं टोक काडीच्या डाव्या छातीवर लागलं आणि पांढरा दिवा लागला. खेळ थांबला. हातावर घसरलं असेल, असं दोघींनाही वाटलं.

तेरा-बाराला काडी पुढे असताना ते पुन्हा झालं. या वेळी टोक कुठे लागलं हे काडीला पक्कं कळलं. जिथे बिल्ला होता, बरोबर त्याच्या मधोमध. पुन्हा दिवा पांढरा. आईचं च्च तिला एकदम ऐकू आलं. इस्त्रीखाली तारा करपल्या होत्या. सगळं जाकीट जिवंत होतं, आणि जेवढ्या जागेवर संघाचा बिल्ला बसला होता तेवढी जागा ठार बधिर झाली होती.

तिचा डावा हात वर जायला निघाला. कोपरापर्यंत उचलला गेलासुद्धा. तिने तो खाली ओढला आणि उगाच हातमोजा नीट केला.

आता हे लपवण्यात अर्थ नाही. तिने ते मुद्दाम केलं. गुण तेरा-तेरा व्हायचा होता, तो झाला नाही. बारा वर्षांत पहिल्यांदाच संघाने आपल्याला काहीतरी दिलं आहे, असा एक कडवट विचार तिच्या मनात आला, आणि त्याचं तिला हसू आलं, आणि हसू आल्याची लाज वाटली. पुढचा गुण तिने मारला. चौदा-बारा. आता एकच हवा होता. पण लाज वाटत असलेल्या माणसाचं लक्ष थाऱ्यावर नसतं. वेणीवालीने लागोपाठ दोन गुण घेतले. चौदा-चौदा.

पंचांनी खूण केली. वेणीवाली झेपावली. काडी दोन पावलं मागे गेली, आणि खोडीप्रमाणे तिसरंही. टोक येऊन बसलं ते थेट बिल्ल्याच्या जागेवर. चांगलं दाबून बसलं, पातं कमानीसारखं वाकलं.

पांढरा दिवा.

वेणीवालीने मुखवटा काढला. आधी तिने स्वतःच्या तलवारीचं टोक तपासायला सांगितलं. पंचांनी तपासलं, टोक ठणठणीत होतं. मग ती पंचांना मोडक्यातोडक्या परभाषेत म्हणाली, “पण लागलं. माझ्या हाताला कळलं.”

पंच भला माणूस होता. त्याने यंत्राकडे बोट दाखवलं आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, “रंगीत दिवा लागला नाही. दिवा नाही, म्हणजे झालंच नाही.”

हे वाक्य काडीने कुठेतरी ऐकलं होतं. नंतर तिच्या लक्षात आलं की ऐकलं नव्हतं, ती ते बोलली होती. नऊ वर्षं, दर दोन-तीन महिन्यांनी, याच भल्या सुरात. वेणीवालीच्या चेहऱ्यावर काकांचा चेहरा होता, फक्त साठ वर्षांनी लहान.

काडीचा डावा हात वर गेला. या वेळी तिने अडवला नाही.

“लागलं,” ती म्हणाली. मग सगळ्यांना समजेल असं, बोटाने जागा दाखवून, पुन्हा म्हणाली. “इथे. जाकीट मेलंय इथलं. मघाशीही लागलं होतं. मला कळलं होतं, मी बोलले नाही.”

खेळाडू स्वतःविरुद्धच तक्रार घेऊन आल्यावर काय करायचं हे पंचाला कुणी शिकवलेलं नसावं. त्याने वेणीवालीची तलवार घेऊन टोक त्या जागी टेकवलं. पांढरा. बोटभर बाजूला टेकवलं, रंगीत. पुन्हा मधे, पांढरा. मग त्याने नियम सांगितला. यंत्राने दाखवला नाही तो गुण द्यायचा अधिकार पंचाला नाही, मग मार खाणारी शपथेवर सांगो. गुण चौदा-चौदाच राहतील. काडीला सदोष साहित्याबद्दल पिवळं कार्ड. आणि जाकीट ताबडतोब बदलावं.

“दुसरं नाही,” काडी म्हणाली.

“मग लढत सोडावी लागेल.”

काडीने कोपऱ्याकडे पाहिलं. काहीतरी बिनसलंय एवढं मेव्हण्यांना कळलं. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. एकोणीस वेळा ती हरली होती, पण कुणीतरी हरवलं म्हणून. विसाव्या वेळी बावन्न पितळी स्मृतिचिन्हांनी हरवलं असतं. काडीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मुखवटा हातात असल्यामुळे ते सगळ्यांना दिसलं.

वेणीवाली आपल्या कोपऱ्याकडे गेली. तिने पिशवीतून स्वतःचं जादा जाकीट काढलं. तिचे प्रशिक्षक खेकसले. भाषा कळली नाही तरी ते काय म्हणत होते ते अख्ख्या दालनाला कळलं, आणि त्यांच्या जागी कुणीही तेच म्हणालं असतं. नुसतं गप्प बसलं तरी लढत तिची होती. तिने खांदे उडवले आणि जाकीट काडीच्या हातात दिलं.

जाकिटाच्या पाठीवर तिचं नाव आणि तिच्या देशाची अक्षरं होती. पंचांनी वैद्यकीय पेटीतली पांढरी चिकटपट्टी मागवून ती झाकली. लढत पुन्हा सुरू झाली. गुण एकच उरला होता.

वेणीवाली पुढे आली. काडी एक पाऊल मागे गेली. दुसरं गेली. तिसऱ्याला थांबली. येणारं पातं तिने मनगटाने जेमतेम बाजूला सारलं आणि हात लांब केला.

रंगीत दिवा लागला. एकच, तिचा.

वेणीवाली आधी रडली, चांगली हुंदके देऊन, आणि मग तिने काडीला मिठी मारली. छायाचित्रकाराने नेमकं तेच टिपलं, मागच्या बाजूने. त्या गडबडीत चिकटपट्टीचं एक टोक सुटून लोंबत होतं.

तासाभराने सरचिटणीस शहर बघून आले. “कितव्या मिनिटाला हरलीस?” त्यांनी काळजीने विचारलं.

“अजून हरले नाही,” काडी म्हणाली.

हे उत्तर पथकाच्या वेळापत्रकात बसत नव्हतं. संध्याकाळी बोटीतून फेरफटका ठरला होता. सुदैवाने पुढच्या लढतीत काडी पंधरा-चार अशी हरली आणि कुणाचाच खोळंबा झाला नाही. त्या पंधराही वेळा रंगीत दिवे लागले. ते बघून तिला एक विचित्र समाधान वाटलं. खोलीवर गेल्यावर तिने ते जाकीट आईने शिकवलं होतं तसं गार पाण्यात, न पिळता धुतलं, सावलीत वाळवलं आणि वेणीवालीला नेऊन दिलं.

घरी आली तेव्हा आईने दार उघडलं. हातात सुई होती.

“एक तरी?”

“एक,” काडी म्हणाली.

आईने सुई पदरात खोचली. पुढचं वाक्य काय असतं हे ती विसरली होती, कारण बारा वर्षांत त्याची वेळच आली नव्हती. तिने मुलीच्या पाठीवरून हात फिरवला. शेवटी म्हणाली, “हातपाय धू आधी.” मग आत जाऊन बराच वेळ शिवणयंत्रापाशी बसून राहिली. यंत्राचा आवाज मात्र आला नाही.

आठवड्याभरात संघाकडून पत्र आलं. काडीला वाटलं, अभिनंदनाचं असेल. ती कारणे दाखवा नोटीस होती. सोबत छायाचित्र जोडलं होतं, त्यात लोंबणारी चिकटपट्टी आणि पाठीवरची परकी अक्षरं लाल पेनाने गोल केलेली. परदेशी पथकाचा गणवेश परिधान करून आपण देशाचं प्रतिनिधित्व कोणाच्या परवानगीने केलंत? आपल्या साहित्यात दोष असल्याची कबुली परकीय पंचापुढे देऊन संघाची प्रतिमा का मलिन केलीत? सदर जाकीट पुरावा म्हणून तीन दिवसांत जमा करावं.

काडीने उत्तर दिलं. सात ओळींचं, सरकारी कारकुनाला शोभेल असं. बिल्ला, इस्त्री, विमानतळ, सगळं तारखेसकट लिहिलं. जाकीट ज्याचं त्याला धुऊन परत केल्याचं कळवलं.

कार्यकारिणीची बैठक झाली. चहा दोनदा झाला. ठराव असा झाला की संघाच्या मान्य गणवेशात न खेळलेली लढत अभिलेखात घेता येत नाही. नोंद नसल्याने सदर लढत झालीच नाही असं समजण्यात यावं. विसावी स्पर्धाही पहिल्या एकोणिसांसारखीच लिहिली गेली. फळा रंगवणारा तेवढ्यात पिवळा रंग घेऊन येऊन बसला होता. त्याला रिकाम्या हाती पाठवणं बरं दिसेना, म्हणून ‘महिला फॉइल’च्या खाली त्याच्याकडून पथकाच्या चार पदाधिकाऱ्यांची नावं लिहून घेतली. मेव्हण्यांचं नाव जागा पुरेना म्हणून दोन ओळींत आलं.

मास्तरांना काडीने हे सगळं व्यायामशाळेत सांगितलं. मास्तर ऐकत होते. फळ्याचं त्यांनी काहीच विचारलं नाही. “तिसऱ्याला थांबलीस?” एवढंच विचारलं.

“थांबले.”

मास्तर खोकले. बराच वेळ खोकले, आणि मग चष्मा पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी खिडकीशी टपालवाले काका आले. रांगेत उभे राहिले, नंबर आला तसे पुढे सरकले. काडीने मान वर केली आणि नेहमीचं वाक्य बोलायला तोंड उघडलं. पण ते काही केल्या बाहेर येईना. काका वाट बघत होते. मग आपलं वाक्य तरी राहू नये म्हणून त्यांनीच विचारलं, “मग मी काय हवेत उभा आहे?”

“नाही काका,” काडी म्हणाली. “माझ्या समोर उभे आहात. नऊ वर्षं बघतेय मी.”

काका गोंधळले. आपली काही चूक झाली की काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं.

“शाळेत होतात ना? नाव असेल तिथे. आणि टपाल खात्याने कामावर घेतलं तेव्हा वय लिहिलंच असेल. ते कागद आपण मिळवू. सात पानी अर्ज आहे, मी भरते. मी हे तुम्हाला पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. माझी चूक झाली.”

“किती वेळ लागेल?”

“लागेल बराच.”

खिडकीबाहेर कधी कुणाला बसायला काही दिलेलं नव्हतं. काडी उठली, आपली खुर्ची उचलून दारातून बाहेर आणली आणि काकांना तिच्यावर बसवलं. मग आत जाऊन ती उभ्या उभ्याच अर्जाच्या पहिल्या रकान्यात काकांचं नाव लिहायला लागली.